लगद्याची हेल्मेटं

१९५८ च्या जूनमध्ये माझी पोस्टिंग अमरावतीला झाली. रँक हवालदार. काम कॉलेजातल्या कॅडेटांना कवायत आणि रायफल शिकवण्याचं. माझं गाव वलगाव, सायकलीवर जेमतेम तासाभराच्या वाटेवर. बारा वर्षांच्या नोकरीत घराच्या एवढ्या जवळ पहिल्यांदाच आलो होतो. राजापेठेत एक खोली घेतली. साडेचारला उठायचं, साडेपाचला मैदान, आठला परेड खतम, मग ऑफिस आणि स्टोअर, चारला पुन्हा मैदान. गावचे लोक म्हणत, मजा आहे बावा तुझी. मीही हो म्हणायचो.

मजा कसली आली. मला आवाजाची भीती होती. नोकरीत असताना हे कुणालाच बोललो नाही. आता पेन्शन खातो, आता कुणाला लाजू? अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या डोंगरात आमच्या सेक्शनवर तीन तास मॉर्टरचा मारा झाला. सकाळी आम्ही दहा होतो, संध्याकाळी तीन उरलो. मला खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून कुठे अचानक धडाका झाला की माझे पाय जागच्या जागी मरायचे. हात चालत, तोंडातून आवाज निघे, पाय मात्र माझं ऐकत नसत. फायरिंग रेंजवर निभून जायचं, कारण बार कधी होणार ते आपल्याला ठाऊक असतं. दिवाळीत मी रजा टाकून वलगावच्या वावरात जाऊन राहायचो. माय म्हणायची, पोराले शेतीची लय ओढ. 

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सुभेदार साहेबांनी ऑफिसात बोलावलं.

"बाळापूरजवळ सिनेमावाले आलेत. लढाईचा सिनेमा आहे. त्यांच्या माणसांना रायफल धरता येत नाही. पंधरा दिवस तू जाशील."

"जी साब."

वरून परवानगी आलेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी अकोल्याला उतरलो आणि कंपनीच्या ट्रकमधून बाळापूरला गेलो.

सिनेमात पैसा अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेठचा, डायरेक्टर मुंबईचा. गोष्ट कुठल्यातरी परदेशातल्या वाळवंटातल्या लढाईची. बाळापूरच्या पलीकडचं मुरमाड माळरान त्यांनी वाळवंट म्हणून पसंत केलं होतं. तिथे ना झाड ना गवत. सकाळी नऊलाच डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, म्हणून शूटिंग पहाटेपासून नऊपर्यंत आणि मग पाचनंतर. शेठ मोठ्या कौतुकानं म्हणायचा, एवढं जवळचं वाळवंट कुठं भेटते सांगा. सैनिक म्हणून आजूबाजूच्या गावांतली तीस माणसं धरून आणलेली. उन्हाळ्यात रिकामी असलेली माळी मंडळी, आमच्यातले नवबौद्ध शेतमजूर, बाजारात हमाली करणारे दोघं-चौघं. सगळ्यांना खाकी कपडे आणि लाकडाच्या रायफली दिलेल्या.

हेल्मेटं मात्र खरी होती. लष्करानं मोडीत काढलेल्या डिस्पोझलच्या मालातून घेतलेली, पोलादाची, बारा. एक हातात घेतलं तर वजन बरोबर, आतली चामड्याची पट्टी फाटलेली, हनुवटीचा पट्टा शाबूत. मी ती बाराच्या बारा स्टोअरच्या तंबूत ताब्यात ठेवली. रोज मीच वाटायचो, मीच मोजून घ्यायचो. बारा-बारा जणांची तालीम आळीपाळीनं व्हायची.

पहिल्या दिवशी नुसत्या दारूचा एक बार उडवला. तीसही माणसं उधळली. एक जण तर थेट सडकेला लागला, तो परत आलाच नाही. मी जागचा हललो नाही. लोकांना वाटलं, हवालदार किती धीराचा माणूस आहे. माझे पाय मेले होते, एवढंच. पण लोक म्हणतात तर म्हणू द्यावं असं मला वाटलं. नाही म्हणायला हिंमत लागते.

भ्यालेल्या माणसाला उभं कसं करायचं, हे मला शिकवलेलं होतं. रंगरूटांना दाखवतात तसा मी डेमो दिला. हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि समोरच्या एका उंच माणसाला म्हटलं, हाण काठी. तो हाणेना. मी दरडावलं तेव्हा त्यानं हाणली. टण्णकन आवाज झाला. मग अर्धी वीट डोक्यावर टाकायला लावली. वीट फुटली, मी उभा. लोक हसायला लागले. मी त्यांना सांगितलं, हा टोप डोक्यावर आहे तोवर दगडाला भ्यायचं काम नाही. हे वाक्य माझंच. दुसऱ्या कुणावर ते ढकलता येत नाही.

काठी हाणणारा तो उंच माणूस म्हणजे तुळशीराम. जातीचा माळी, बाळापूरच्या बाजारात भाजी आणि झेंडू विकायचा. वय चाळिशीच्या आसपास. उजवा गुडघा धरलेला, त्यामुळे पळताना लंगडायचा. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"हवालदार सायेब, गुडघा धरते. माह्याच्यानं पयनं होत नाई. मले मेलेला राहू द्या."

डायरेक्टरला पुढे पडलेले तीन मुडदे पाहिजेच होते. मी तुळशीरामला मुडद्यात टाकला. त्याला फार आनंद झाला. लोक त्याला मुडदा म्हणूनच हाक मारायला लागले आणि तोही ओ द्यायचा. घरी सांगून आलो म्हणे, की सगळे उन्हात धावून राहिले आणि मी निजून राहिलो. त्याची बायको शेवंताबाई दुपारी भाकर घेऊन यायची. मलाही द्यायची, ठेचा आणि कांदा. तिच्या हातची भाकर मी आठ दिवस खाल्ली.

तिसऱ्या दिवशी एक गोंधळ झाला. कॅमेरा चालू होता, मी रांगेला "उठ!" म्हणून हुकूम दिला आणि रांगेबरोबर तुळशीरामही उठला. मेलेला माणूस रायफल झटकून उभा राहिला. लोक पोट धरून हसले. डायरेक्टर भोंग्यातून माझ्यावर ओरडला आणि माझं डोकं फिरलं. मी तुळशीरामला बाजूला घेऊन झापला.

"मुडद्याला हुकूम नसतो. मी काहीही ओरडलो तरी हलायचं नाही. समजलं?"

"समजलं सायेब."

त्यानंतर तो कधीच हलला नाही. माशी नाकावर बसली तरी हलायचा नाही. मी चारचौघांत त्याचं कौतुक केलं.

नवव्या दिवशी मोठा शॉट होता. गोळे पडतात आणि पलटण उधळते, असा. आदल्या दिवशी धूर कमी पडला म्हणून शेठ नाराज होता, तेव्हा उस्तादनं मुरमात जिलेटिनच्या दोन कांड्या पुरायचं ठरवलं. उस्ताद म्हणजे गिट्टी खदानीवर सुरुंग लावणारा माणूस, आपल्या कामात पक्का. जिलेटिन म्हटल्यावर दगड उडणार. मी त्याच्याशी बसून अंतर ठरवलं. सुरुंगापासून साठ पावलांवर मी स्वतः चुन्याची रेघ मारली आणि बजावलं की कोणीही रेघेच्या पुढे येणार नाही. मुडदेसुद्धा रेघेवरच पडतील. माणसं वाढवून साठ केली होती. शेठ म्हणाला, टोपांची काळजी करू नका, अकोल्याहून अजून पन्नास येऊन राहिले. मी धरून चाललो की तेही डिस्पोझलचेच असतील. विचारलं नाही. तेरा वर्षं फौजेनं ज्याला माल तपासून घ्यायची सवय लावली, त्यानं विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी सहाला ट्रक आला. माल उतरत असतानाच डायरेक्टरचं बोलावणं आलं. हिरो हेल्मेटचा पट्टा बांधायला तयार नव्हता. पट्टा बांधला की गाल फुगलेले दिसतात, सुटा लोंबता असला की रुबाब येतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, पळताना टोप पडेल. तो म्हणाला, मला पळायचंच नाही, मी हिरो आहे. अर्धा तास ह्या एका पट्ट्यावर गेला. शेवटी तो सुटाच ठेवून आला. तिकडे माझ्या पाठीमागे कंपनीच्या कारकुनानं हेल्मेटं वाटून टाकली होती. पोलादी अकरा हिरोला आणि त्याच्या आजूबाजूला दिसणाऱ्यांना. बारावं मी पहाटेच माझ्यासाठी बाजूला काढलं होतं. मी कॅमेऱ्यासमोर नव्हतो. मला त्याची काही गरज नव्हती. जिलेटिनचं नाव ऐकलं होतं, म्हणून घातलं आणि पट्टा दोनदा आवळला.

सहा चाळीसला मी बाजूच्या खंदकात पोचलो. उस्ताद वात पेटवून येतच होता. वात दोन मिनिटांची. मी समोर पाहिलं तर रांग चुन्याच्या रेघेवर नव्हती. रेघेच्या बरीच पुढे, सुरुंगापासून पंचवीस-तीस पावलांवर होती, आणि मुडदे त्याच्याही पुढे.

"रांग पुढे कुणी नेली?"

"डायरेक्टर बोलला, धुरात दिसत नाहीत. आदमी लोग खुद आगे गये. बोले, टोप है ना."

मी काही बोलणार, तेवढ्यात उस्ताद खाली बसला, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्याच्यानंच वारा घ्यायला लागला. मी पाहतच राहिलो. अडीच पौंडाच्या लोखंडानं कुणी वारा घेतं का हो? मी ते त्याच्या हातातून ओढलं. वहीइतकं हलकं. घामानं भिजलेल्या कडेतून माझा अंगठा आरपार गेला. कागदाचा लगदा, वरून रंग. आत वर्तमानपत्राचा तुकडा जसाच्या तसा चिकटलेला, त्यावर कापसाचे भाव वाचता येत होते.

"सगळे असेच?"

"सब."

"वात किती राहिली?"

"अर्धी गेली."

  पन्नासेक माणसं कागद डोक्यावर घेऊन, माझ्या शब्दावर विसंबून दगडांच्या पुढ्यात पडली होती. पाय मेलेच होते. आवाज मात्र निघाला. आयुष्यात तेवढ्या जोरानं मी हुकूम दिला नसेल.

"सारी लाइन! पीछे मुड़! दौड़ के चल!"

जुन्यांनी नऊ दिवस ह्याच आवाजावर उठबस केली होती, नवे त्यांच्या मागे. रांग उठली, वळली आणि पळत सुटली. डायरेक्टर भोंग्यातून शिव्या देत होता, कॅमेरा मात्र त्यानं बंद केला नाही. हिरो सगळ्यांच्या पुढे पळाला, त्याचं हेल्मेट वाटेतच पडलं. मुडद्यांतले दोघंही थोडं थांबून उठले आणि पळाले. रेघ ओलांडली, तिच्यामागच्या नाल्यात उतरले. मी मोजत होतो आणि मला बरं वाटायला लागलं होतं.

मग मला दिसलं की एक माणूस अजून पडलेलाच आहे.

उजवा गुडघा वाकडा, एक हात पसरलेला. मी ओरडलो, तुळशीराम, ऊठ. तुळशीराम, अरे ऊठ, खरं सांगतो, ऊठ. तो हलला नाही. मी काहीही ओरडलो तरी हलायचं नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. तो चोख काम करत होता.

"किती?" मी उस्तादला विचारलं.

"पच्चीस. तीस."

खंदकापासून तो पन्नास पावलांवर असेल. मी हजारदा हिशेब केला आहे. जायला बारा सेकंद. त्याला लाथ घातली असती तरी तो उठला असता. लंगडत का होईना, दहा-वीस पावलं मागे आला असता. डोक्यावर माझं लोखंड घालता आलं असतं. मी खंदकातून वर आलो. आठ-दहा पावलं गेलोसुद्धा. मग पाय संपले. मी तिथेच जमिनीवर आडवा झालो, दोन्ही हातांनी हेल्मेट दाबून धरलं आणि डोळे मिटले. कुणी ढकललं नाही, कुणी अडवलं नाही. मी भ्यालो.

धडाका झाला. जमीन छातीला लागली. मग दगड पडायचा आवाज, पावसाच्या टपोऱ्या थेंबांसारखा, खूप वेळ. माझ्या हेल्मेटवर एक दगड पडला. टण्णकन वाजलं, मला काही झालं नाही.

मी गेलो तेव्हा तुळशीराम तसाच पडलेला होता. हेल्मेटची दोन शकलं झाली होती. ट्रकमधून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. रस्त्यात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या पायरीवरच डॉक्टर म्हणाले, आता काही नाही. वेळ आठ पाच.

पंचनामा झाला, जबाब झाले. अपघात म्हणून नोंद झाली. वाटप कारकुनानं केलं, रांग डायरेक्टरनं पुढे नेली, हवालदारानं रेघ मारली होती आणि हुकूम देऊन एकोणसाठ माणसं वाचवली, असं कागदावर आलं. सुभेदार साहेबांनी पाठीवर हात ठेवला. मी "जी साब" म्हटलं. दहा पावलांचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

वर्ष गेलं. एक दिवस शेवंताबाई दिराला घेऊन विचारत विचारत राजापेठेत माझ्या खोलीवर आली. सिनेमा अकोल्याच्या टॉकीजला लागला होता. घरात तुळशीरामचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढला नाही, पुढे कधी काढला नाही. ती म्हणाली, लोक म्हणून राहिले तो दिसते. मले दाखवा, सगळ्याइचे टोप सारखे, मले कसा ओळखू येईन. नाही म्हणायला तोंड नव्हतं. रविवारी आम्ही तिघं अकोल्याला गेलो.

धडाका जसा जवळ आला तशी माझी पाठ खुर्चीला चिकटली. पडद्यावर पलटण पळाली, बार उडाला. सिनेमावाल्यांनी त्या पळणाऱ्या रांगेला शत्रूची पलटण केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मग धूर. एवढंच. तिला काही दिसलं नाही. ती म्हणाली, आखीन एकदा पाहू. आम्ही पुढच्या खेळाची तिकिटं काढली.

दुसऱ्या वेळी ती पुढे वाकून बसली होती. धूर उठायच्या आधी तिनं बोट दाखवलं.

"हा माहा. गुडघा पाहा कसा वाकडा. असाच निजे." हेल्मेटखाली त्याचं तोंड दिसतच नव्हतं. ती तरी हसली. मग तिचं बोट बाजूला सरकलं. "आनि हा इकडं कोन पडला? सगळे तं पयाले."

पडद्याच्या कोपऱ्यात एक माणूस धावत येतो, थांबतो, आडवा होतो आणि दोन्ही हातांनी डोकं झाकतो. मला ठाऊक नव्हतं की कॅमेऱ्यानं तेही टिपलंय.

"तो मी आहे, वहिनी."

"तुमी काहून पडले?"

"भ्यालो."

 पडद्यावर गाणं लागलं. मग तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "तुमच्या डोक्शावरचा टोप खरा होता?"

"हो."

"एक खरा होता, तं थो त्याले काहून नाई देल्ला?"

  तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सिनेमा संपेपर्यंत बसून राहिली.

आमच्या पलटणीच्या स्थापनेच्या दिवशी आम्ही म्हातारे जमतो. दोन मिनिटं उभे राहतो आणि गेलेल्यांची नावं वाचली जातात. अठ्ठेचाळीसच्या माझ्या सेक्शनची सात नावं आहेत, ती मी वाचणाऱ्याबरोबर म्हणतो. सातवं झालं की मी हळूच आणखी एक घेतो. तुळशीराम, माळी, राहणार बाळापूर. नंबर नाही, रँक नाही. मागच्या खेपेला शेजारी उभ्या असलेल्या, नायक रँकवरून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याला ते ऐकू गेलं. त्यानं विचारलं, हा कोणत्या कंपनीचा? मी म्हटलं, माझ्याच सेक्शनचा.